सनद आणि पाळणा : लेखापालाच्या परीक्षेचा स्त्रियांच्या अंगाने इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला गणित शिकविले. तेव्हा हिशेबतपासनिसाच्या परीक्षेचा विषय घेऊन मी येथे उभी राहिले, तर ते फारसे अप्रस्तुत ठरणार नाही असे समजते. विषयाचा अर्धा भाग मात्र गणिताचा नाही. ही परीक्षा देणाऱ्या स्त्रीच्या मांडीवर तान्हे मूल असले की काय होते, आणि ते तसे का होते, याचा थोडा ऐतिहासिक शोध आज घ्यावयाचा आहे. माझ्या वयाच्या आणि माझ्यानंतरच्या कितीतरी विद्यार्थिनींच्या आयुष्यात हा प्रश्न येऊन गेला. काहींच्या बाबतीत तो अद्याप सुटलेला नाही, आणि त्यांतील काहीजणी आज या सभागृहात बसल्या आहेत.

स्त्रीने हिशेब पाहणे ही गोष्ट इंदुरात तरी कोणाला नवी वाटू नये. अहिल्याबाई होळकरांच्या (१७२५–१७९५) कारभाराची जी कीर्ती आहे, तिच्यात हिशेबाच्या शिस्तीचा वाटा मोठा आहे. 'खासगी' निराळी आणि 'दौलत' निराळी, एकीचा पैसा दुसरीत मिसळावयाचा नाही, हा त्यांचा कटाक्ष होता. मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुले त्यांनी वाढविली. मुले लहान असल्यामुळे बाईंच्या हिशेबात चूक राहिली, अशी तक्रार कोणी केल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. राजवाड्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. वाण्याची वही, दुधाचे खाडे, भिशीचे हप्ते आणि दिवाळीपूर्वी काढून ठेवलेले चार पैसे, हे सारे आमच्या आया आणि आज्या बिनचूक सांभाळीत होत्या.

परंतु हिशेब येणे वेगळे आणि दुसऱ्याच्या हिशेबाखाली सही करण्याचा अधिकार मिळणे वेगळे. हा अधिकार देणारी सनद ही एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनची निर्मिती आहे. एडिंबरोच्या लेखापालांना १८५४ मध्ये राजसनद मिळाली, इंग्लंड आणि वेल्सच्या संस्थेला १८८० मध्ये. तेथे परीक्षेबरोबरच उमेदवारी सक्तीची होती. पदवी नसलेल्याने पाच वर्षे आणि पदवीधराने तीन वर्षे एखाद्या सनदी लेखापालाच्या हाताखाली काढावयाची, आणि त्याबद्दल पगार घेण्याऐवजी उलट त्यालाच मोठी रक्कम भरावयाची. ही रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण होते हे ओळखणे कठीण नाही. सुस्थित घरातला, अविवाहित, विशीतला मुलगा, ज्याचे जेवण दुसरे कोणीतरी रांधते आणि ज्याचे कपडे दुसरे कोणीतरी धुते. त्यांना स्त्रियांना मुद्दाम वगळावयाचे होते असे मला म्हणावयाचे नाही. त्यांच्या मनात स्त्री आलीच नव्हती, आणि हे एका अर्थी अधिक बळकट कुंपण होते.

स्त्री दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा मात्र मुद्दाम विचार करावा लागला. मेरी हॅरिस स्मिथ या बाईंचा (१८४४–१९३४) लंडनमध्ये स्वतःचा लेखापालनाचा व्यवसाय होता. १८९० च्या सुमारास त्यांनी संस्थेकडे सभासदत्वासाठी अर्ज केला आणि केवळ स्त्री म्हणून तो नाकारला गेला. लिंगामुळे येणारी अपात्रता दूर करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १९१९ मध्ये केला, आणि १९२० च्या मे महिन्यात हॅरिस स्मिथ बाईंना सभासदत्व मिळाले. तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. रीतसर परीक्षेच्या मार्गाने त्या संस्थेत पोहोचलेली पहिली स्त्री एथेल वॉट्स, साल १९२४.

आजच्या विषयाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या एथेल आयर्स पर्डी (१८७४–१९२३). त्या विवाहित होत्या आणि दोन मुलग्यांच्या आई होत्या. मोठ्या संस्थांनी दार लावून घेतले असता लंडन असोसिएशन ऑफ अकाउंटंट्स या तुलनेने लहान संस्थेने १९०९ मध्ये त्यांना सभासद करून घेतले. व्यावसायिक लेखापालांच्या कोणत्याही ब्रिटिश संस्थेत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांनी 'विमेन टॅक्सपेअर्स एजन्सी' नावाचे कार्यालय थाटले आणि स्त्रियांच्या प्राप्तिकराचे काम हाती घेतले. विषय मोठा मजेदार होता. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीचे उत्पन्न नवऱ्याचेच समजले जाई. ती कमावते किती हे नवऱ्याला ठाऊक नसले तरी कर भरण्याची जबाबदारी त्याची. १९१२ मध्ये मार्क विल्क्स नावाच्या एका शिक्षकाला डॉक्टर पत्नीच्या उत्पन्नावरील कर न भरल्याबद्दल तुरुंगात टाकण्यात आले. 'मताधिकार नाही तर कर नाही' असे म्हणणाऱ्या स्त्रियांना कायद्यातील ही विसंगती म्हणजे आयते हत्यार मिळाले, आणि ते कसे परजावे हे सांगणारी लेखापाल दोन मुलांची आई होती. कायद्याच्या दृष्टीने विवाहित स्त्रीला स्वतःचे उत्पन्नच नव्हते, आणि अशीच एक स्त्री इतरांच्या उत्पन्नाचे हिशेब मांडीत बसली होती.

हिंदुस्थानात ही रचना मुंबईमार्गे आली. सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये सुरू झाले, आणि १९१८ मध्ये मुंबईत सरकारी लेखापालन पदविका, म्हणजे 'जी.डी.ए.', चालू झाली. पदविकेसाठी परीक्षा आणि उमेदवारी दोन्ही आवश्यक होत्या. पुढे १९३२ मध्ये अखिल भारतीय पातळीवर लेखापालन मंडळ आले आणि 'रजिस्टर्ड अकाउंटंट' ही उपाधी रूढ झाली. साहेबाच्या देशातील साचा जसाच्या तसा येथे उतरला. फरक एवढाच की तेथल्या मुलाची आई रांधीत होती आणि येथल्या मुलाची बहुधा बायकोही, कारण आमच्याकडे उमेदवाराचे लग्न उमेदवारी संपण्याची वाट पाहत नसे.

या साच्यातून पार पडलेली पहिली भारतीय स्त्री मद्रासच्या आर. शिवभोगम् (१९०७–१९६६). स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी वेल्लोरच्या तुरुंगात शिक्षा भोगली, आणि लेखापाल होण्याचा निश्चय त्यांनी तेथेच केला असे सांगतात. १९३३ मध्ये त्या जी.डी.ए. उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर अडचण आली ती स्त्री असण्याची नव्हे, तर तुरुंगवासाची. शिक्षा भोगलेल्याची लेखापाल म्हणून नोंदणी होऊ नये असा नियम आडवा आला आणि त्याविरुद्ध त्यांना झगडावे लागले. १९३७ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. पुढे १९५५ ते १९५८ या काळात सनदी लेखापाल संस्थेच्या दक्षिण विभागीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. परीक्षेत उत्तम यश मिळविणाऱ्या विद्यार्थिनीसाठी त्यांनी ठेवलेले पारितोषिक त्यांच्या नावाने ओळखले जाते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा सनदी लेखापाल कायदा झाला आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून अंमलात आला. वयाची एकवीस वर्षे पूर्ण नसलेला, वेडसर, दिवाळखोर, विशिष्ट गुन्ह्यांत शिक्षा झालेला, अशा अपात्रता त्यात मोजून सांगितल्या आहेत. त्या यादीत स्त्री नाही. मेरी हॅरिस स्मिथ यांना ज्यासाठी तीस वर्षे थांबावे लागले, ते आम्हांला जन्माबरोबर मिळाले. अशी उघडी दारे आम्ही नेहमी थोड्या गर्वाने दाखवितो, आणि तो गर्व अगदी अनाठायीही नाही.

दार उघडे होते. वेळापत्रक मात्र तेच राहिले.

या परीक्षेची घडण ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते, कारण सारी मेख तेथेच आहे. सी.ए.च्या अभ्यासाचे दोन भाग. पुस्तकी भाग घरी बसून करता येतो. संस्थेचे अभ्यासमंडळ टपालाने पुस्तके पाठवीत असे, उत्तरपत्रिका टपालाने जात, तपासून टपालानेच परत येत. महाविद्यालयाची हजेरी नाही, वयाची कमाल मर्यादा नाही, कितीदा परीक्षेला बसावे यावर बंधन नाही. घराबाहेर पडणे ज्या स्त्रीला कठीण, तिच्यासाठी याहून सोयीचे शिक्षण शोधून सापडणार नाही. दुसरा भाग उमेदवारीचा, ज्याला आपण सारे 'आर्टिकलशिप' म्हणतो. त्यात रोज कार्यालयात जायचे, गिरण्यांत, बँकांत, परगावच्या शाखांत तपासणीला जायचे, मार्चअखेरीस रात्री नऊपर्यंत थांबायचे. जितकी सेवा झाली तिच्या ठरावीक हिश्श्याइतकी रजा मिळे, आणि त्याहून अधिक घेतली तर तेवढे दिवस उमेदवारी लांबे.

या दोन भागांच्या मध्ये आमच्या समाजातील मुलीचे लग्न येऊन पडते. माझ्या पिढीत घडत असे ते साधारण असे. मुलगी पदवीनंतर उमेदवारीला लागे, इंटर पास होई, उमेदवारीची तीन वर्षे माहेरी पुरी करी. अंतिम परीक्षेच्या दोन ग्रुपांपैकी एक सुटे. तेवढ्यात 'स्थळ चांगले आहे, मुलाकडच्यांना शिक्षणाची आवड आहे, उरलेला ग्रुप काय, लग्नानंतरही देता येईल' असे ठरे. आणि खरोखरच नियमाने तो केव्हाही देता येत असे! वर्षाच्या आत पाळणा हले. मग तो एक ग्रुप बारा-बारा वर्षे कपाटाच्या वरच्या खणात, सुधारणा होऊन निरुपयोगी झालेल्या प्राप्तिकराच्या पुस्तकांबरोबर पडून राही. या शाळेच्या माजी विद्यार्थिनींत अशा ग्रुपांची संख्या किती असेल, याचा मी मनाशी कधी कधी अंदाज करते.

एक ग्रुप म्हणजे थोडे असे बाहेरच्याला वाटते. नियम पाहा. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपाच्या एकूण गुणांत किमान ५० टक्के, दोन्ही एकाच बैठकीत हवेत. आमच्या वेळी एका ग्रुपात चार पेपर असत. तिसऱ्या पेपराच्या आदल्या रात्री मूल तापाने फणफणले, आईचा डोळ्याला डोळा लागला नाही आणि त्या पेपरात ३८ पडले, तर बाकीच्या तीन पेपरांतले ५५ आणि ५८ हे गुणही वाया जातात. ज्या पेपरात ६० किंवा अधिक असतील तेवढ्यापुरती पुढील तीन परीक्षांसाठी सूट मिळते, बाकी सारे पुन्हा पहिल्यापासून. इतक्या कडक परीक्षेला माझा विरोध नाही. दुसऱ्यांच्या पैशाच्या हिशेबावर सही करणाऱ्याची पारख कडकच हवी. परंतु ही पारख ज्ञानाबरोबर आणखी एका गोष्टीचीही होत असते, ती म्हणजे सलग आठ-पंधरा रात्री निर्वेध मिळण्याची, आणि त्या रात्री सर्वांना सारख्या मिळत नाहीत.

त्यात परीक्षेचे महिने मे आणि नोव्हेंबर. नोव्हेंबरच्या परीक्षेची तयारी म्हणजे नवरात्र, दसरा, दिवाळी. घरातला मुलगा परीक्षेला बसला असेल तर त्याची खोली बंद आणि फराळाचे ताट आत जाते. सून बसली असेल तर चकल्या तळता तळता व्याख्या पाठ होतात. मे महिन्यात लग्नसराई आणि सुट्टीला आलेल्या नणंदा. नणंदांना मी दोष देत नाही, त्याही कोणाच्या तरी सुना असतात आणि माहेरी विसाव्याला येतात.

माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना मी शेवटचा ग्रुप दिला. माझ्या सासूबाई त्याला घेऊन केंद्राबाहेरच्या कडुलिंबाखाली सतरंजी टाकून बसत. तेथे त्या एकट्या नसत, आणखी दोघी-तिघी आज्या असत. पेपर सुटला की मुली धावत येत, प्रश्नपत्रिका तोंडात धरून मुलांना घेत, आणि आज्या विचारीत, "बरा गेला का गं?" माझ्या यशाचा जो काही भाग आहे त्यातला निम्मा त्या सतरंजीवरचा आहे. ज्यांच्या सासूबाई स्वतः नोकरीत होत्या, आजारी होत्या, वा ज्यांना हे सारे पसंतच नव्हते, त्या मुली माझ्याहून कमी हुशार होत्या असे मला कधी वाटले नाही. पुढे एका कार्यालयात मुलाखतीच्या वेळी मला लेखांकनाचा एकही प्रश्न न विचारता 'दुसऱ्या अपत्याचा काय विचार आहे?' एवढेच विचारले गेले. मी म्हटले, "प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे." ती जागा मला मिळाली नाही.

मातृत्वाच्या रजेचा आपल्या देशातील इतिहास याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे, आणि त्यात मराठी माणसांचे स्थान अभिमानाचे आहे. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयक आणले. ते संमत झाले नाही. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात असेच विधेयक आले तेव्हा १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या समर्थनार्थ बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १९२९ चा मुंबईचा कायदा त्यातून झाला, दुसऱ्या वर्षी मध्यप्रांतानेही तसा कायदा केला. हे कायदे कारखान्यांतील स्त्री कामगारांसाठी होते. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली, आणि आता हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.

गिरणीतील कामगार स्त्रीला १९२९ मध्ये जे तत्त्वतः मिळाले, ते लेखापालाच्या उमेदवार मुलीपर्यंत सरळपणे पोहोचले नाही, ही यातली विचित्र गोष्ट आहे. कायदा बोलतो वेतनावर नेमलेल्या स्त्रीविषयी, आणि उमेदवाराला मिळते ते विद्यावेतन. शिवाय दुकाने आणि कार्यालये यांच्या बाबतीत किमान दहा माणसांची अट राहिली. आपल्या गावातील बहुतेक सी.ए. कार्यालये म्हणजे एक साहेब, एक कारकून, चार उमेदवार आणि एक पाणी देणारा, बेरीज सात. उमेदवार धड कामगार नाही आणि धड कॉलेजची विद्यार्थिनीही नाही. विद्यापीठांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा देण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये केली. प्रबंधाचे प्रकरण आठ महिने थांबू शकते हे तेथे मान्य झाले.

उघड बंदी असती तर न्यायालयात जाता आले असते. हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गर्भारपणाबरोबर संपविणारा नियम १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो अशा उघड बंदीमुळेच. आमच्या क्षेत्रात तसा नियम कधी नव्हता. तारखांवर कोण दावा लावणार?

काही स्त्रियांनी आडवाट शोधली. परिव्यय लेखापालांच्या संस्थेची स्थापना १९४४ ची आणि कायदा १९५९ चा. तिच्या परीक्षा जून व डिसेंबरमध्ये असत, आणि सी.ए.सारखी तीन वर्षांची करारबद्ध उमेदवारी त्यात नव्हती. म्हणून मूल शाळेत जाऊ लागल्यावर बँकेतील वा वीज मंडळातील नोकरी सांभाळून ही परीक्षा देणाऱ्या स्त्रिया माझ्या माहितीत आहेत. ही वाट कमी प्रतीची आहे असे म्हणण्याची आमच्या व्यवसायात पद्धत आहे. कारखान्याच्या परिव्ययाचा ताळा ज्याने एकदा बसविला आहे तो तसे म्हणणार नाही.

चित्र बदलले आहे हे मान्य केले पाहिजे. १९४९ मध्ये संस्थेचे सभासद दोन हजारांच्या आतच होते. आज ते चार लाखांच्या वर आहेत आणि त्यांत स्त्रिया सुमारे तीस टक्के आहेत. विद्यार्थिनींचे प्रमाण त्याहूनही अधिक आहे. विद्यार्थिनी आणि सभासद यांच्या प्रमाणातील हे अंतर काही अंशी पिढ्यांच्या फरकामुळे असेल. सगळेच तसे असेल असे मला वाटत नाही, कारण कपाटाचा तो वरचा खण मी पाहिलेला आहे. संस्थेच्या अध्यक्षपदी २०२५ पर्यंत एकही स्त्री आलेली नव्हती.

२०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या योजनेत उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. रजाही त्या मानाने आखडली. लग्नाआधी सारे उरकण्याची शक्यता त्यामुळे वाढली, आणि उमेदवारीतच दिवस गेले तर ओढाताणही वाढली. अंतिम ग्रुपाचे पेपर चारावरून तीन झाले. २०२५ पासून अंतिम परीक्षा वर्षातून दोनदा न होता तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मे महिन्यात बाळंतपण आले तर सप्टेंबर हाताशी आहे, आणि दिवाळीही परीक्षेतून मोकळी झाली. मात्र ६० गुणांची सूट मोजली जाते ती परीक्षांच्या संख्येवर. पूर्वी तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष होते, आता एक वर्ष. तीन परीक्षांनंतरही सूट पुढे चालू ठेवण्याची सोय नव्या योजनेत आहे, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० नव्हे, ५० टक्के लागतात. ज्या विद्यार्थिनीला मधले वर्ष बाळासाठी द्यावे लागेल, तिने हा हिशेब आधी करून ठेवावा.

शाळेच्या वाचनालयाशेजारची खोली दुपारी दोननंतर रिकामी असते, हे मी गेल्या महिन्यात येऊन पाहिले. माजी विद्यार्थी संघाने तेथे अभ्यासिका चालविण्याचा विचार बोलून दाखविला आहे. माझी विनंती एवढीच की तिच्या लगतच्या व्हरांड्यात एक पाळणा, एक सतरंजी आणि मुलांकडे पाहणारी एक बाई, एवढ्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात व्हावी. खर्चाचा तपशील मी लिहून आणला आहे, तो चिटणीसांकडे देते.